गोडं पाणी

“मासे येतील तर मी येईन,” अब्बा एवढंच बोलले आणि असरच्या वजूला उठले.

2021 च्या डिसेंबरातली ही गोष्ट. श्रीवर्धनच्या आमच्या घराचा सौदा ठरला होता. धाकटा भाऊ कुवेतहून फोनवर हो म्हणाला होता. आपा तिच्या मुलाकडे पनवेलला जायला तयार झाली होती. आणि अब्बांनी माझ्याकडे मुरूडला यायचं, असं आम्ही तिघा भावंडांनी आपसात ठरवून टाकलं होतं. सही अब्बांची लागणार होती, ती त्यांनी एक शब्द न बोलता केली. एकोणऐंशी वर्षांचा माणूस. निम्मं आयुष्य जहाजावर गेलेलं, उरलेलं या घरात. आम्हाला वाटलं होतं, चिडतील, रडतील, मशिदीतल्या चार बुजुर्गांना मध्ये घालतील. त्यातलं काहीच झालं नाही. अट घातली ती एवढीच, माशांची.

मला ती अट तेव्हा फार सोपी वाटली. दोन फुटांची काचेची टाकी, त्यात अकरा मासे. त्याला असं काय लागतं?

घर विकायचं कारण वादळ. 3 जून 2020 ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर चढलं. ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा, मध्येच त्याहून मोठा झटका. आमच्या घराची कौलं पत्त्यांसारखी उडाली, मागचा वासा मोडून माजघरात आला, परसातल्या सुपारी एकीवर एक आडव्या झाल्या. सुपारीचं रोप लावल्यापासून फळाला यायला पाच-सात वर्षं लागतात, त्यामुळे अब्बांच्या वयाच्या माणसाने पुन्हा लागवड करायची म्हणजे नातवंडांसाठीच करायची. आणि नातवंडं पनवेलला, मुरूडला आणि कुवेतला. पत्रे टाकून दीड वर्ष काढलं, पण पावसाळ्यात त्या पत्र्यांखाली बसवत नसे. दोन माणसं शेजारी बसली तरी ओरडून बोलावं लागे.

त्या वादळातली एक गोष्ट आपा नेहमी सांगते. वारा सुरू झाला तशी तिने कुराण, कागदांची पेटी आणि दागिन्यांचा डबा घेऊन पक्क्या न्हाणीघरात आसरा घेतला आणि अब्बांना हाका मारल्या. अब्बा येईनात. ओटीवर फिशटँकवर लाकडी फळी आणि तिच्यावर गोधडी टाकून ते तिला धरून उभे होते. ओटीवरची कौलं गेली, टाकी राहिली. खरं संकट पुढे होतं. लाइट गेली ती आमच्या मोहल्ल्यात महिनाभर आली नाही. एअरपंप बंद. मी मुरूडहून चौथ्या दिवशी मोटारसायकलने पोचलो. फेरीबोट बंद होती, रस्त्यावर जागोजाग झाडं पडलेली. ओटीवर आलो तर वर आभाळ, आणि खाली अब्बा एका स्टुलावर बसून तांब्याने टाकीतलं पाणी काढत होते आणि हातभर उंचीवरून पुन्हा टाकीत ओतत होते. धार उंचावरून पडली की पाण्यात हवा मिसळते. दर तासाला पन्नास तांबे. रात्री आपा आणि ते पाळीपाळीने उठत. मला पाहून म्हणाले, “आलास? बस. पन्नास मोज.”

महिनाभर त्यांनी असं केलं. एकही मासा मेला नाही.

आता अब्बांना जाऊन दोन वर्षं झाली. ती टाकी माझ्याकडे आहे. तिच्याकडे बघताना मला अजून वाटतं, समुद्रावर पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे कसलं वेड? आमच्याकडच्या बहुतेक घरांसारखं आमचंही घर जहाजावर चाललेलं. अब्बा 1962 साली मुंबईला गेले, डोंगरीत गावकीच्या खोलीत राहिले, नली काढली. खलाशाच्या पुस्तकाला आमच्याकडे नली म्हणतात. नलीच्या खेपा घालताना एक दिवस मोकळा मिळाला तेव्हा कुणीतरी त्यांना मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय दाखवायला नेलं. ते 1951 साली सुरू झालेलं, तेव्हा तसं नवंच. खाडीतली बोय आणि जिताडा ज्याने जाळ्यात आणि ताटातच पाहिला, त्याने मासा पहिल्यांदा डोळ्यासमोर, आडवा, स्वस्थ चालताना पाहिला. “तो माझ्याकडे बघत होता रे,” असं ते म्हणत.

पुढे मोगल लाइनच्या हाजींच्या जहाजांवर बरीच वर्षं गेली. 1986 साली मोगल लाइन शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली, 1995 साली समुद्रमार्गे हजला जाणं थांबलं, आणि त्यानंतर दोन वर्षांनी अब्बा कायमचे घरी आले. जहाजावरच्या गोष्टी ते फार सांगत नसत. सांगितल्या तर त्या हटकून गोड्या पाण्याच्या. नजर पोचेल तिथवर पाणी, आणि आंघोळीला मोजून एक बादली. घरी आल्यावर वर्षभरात क्रॉफर्ड मार्केटहून त्यांनी ही टाकी आणली आणि ओटीवर ठेवली. अम्मी तेव्हा होती. ती म्हणाली, “आयुष्यभर पाण्यात राहिलात, आता पाणी घरात आणलंत.”

मासळीशिवाय घास न उतरणाऱ्या घरात हा थट्टेचाच विषय होता. मासळी घेऊन येणारी कोळीण पाटी उतरवून टाकीसमोर उभी राहायची आणि म्हणायची, “चाचा, हे फोडणीलापण पुरायचे नाय.” अब्बा तिच्याकडून बांगडे घ्यायचे आणि आत येऊन टाकीत चिमूटभर दाणे टाकायचे. दोन्हींत त्यांना विसंगती दिसत नसे. मलाही आता दिसत नाही.

मासे साधेच. चार काळे मोली, सहा गप्पी आणि एक सकर. गप्पी तर विकतचेही नव्हते. मलेरियाच्या डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खात्याची माणसं विहिरी-हौदांत गप्पी सोडत, ते पाळा असं गावोगावी भिंतींवर लिहिलेलं असे. आमच्या परसातल्या हौदात आरोग्यसेवकाने सोडलेल्या गप्पींची ही पिलावळ. सकर मात्र मुंबईचा. काचेला तोंड चिकटवून शेवाळ खरवडतो, म्हणून बोटभर लांबीचा आणला होता. तो वाढत वाढत वीतभर झाला. हा मासा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतला, फूट-दीड फूट वाढतो, दोन फुटांची टाकी ही त्याची जागाच नव्हे. पण हे दुकानदाराने सांगितलं नाही आणि आम्हाला ठाऊक नव्हतं. दिवसभर तळाशी पडून राहायचा आणि रात्री सगळ्या टाकीची साफसफाई करत फिरायचा, म्हणून अब्बांनी त्याचं नाव ‘सारंग’ ठेवलं होतं. जहाजावरच्या खलाशांचा मुकादम तो सारंग.

धाकट्याने कुवेतहून सोपा उपाय सुचवला. विहिरीत सोडून द्या, तलावात सोडून द्या, मोकळे होतील बिचारे. अब्बांनी फोन माझ्या हातातून घेतला. लहानपणी आम्हाला त्यांनी एक हदीस सांगितली होती. एका बाईने मांजर बांधून ठेवलं, स्वतः खायला घातलं नाही आणि त्याला त्याचं शोधून खाऊही दिलं नाही, त्यापायी ती जहन्नममध्ये गेली. ती त्यांनी धाकट्याला पुन्हा ऐकवली आणि म्हणाले, “कोंडलंय मी. तर बघायचं पण मीच. विहिरीवर ढकलायचं नाय.” सकरच्या बाबतीत तर ते फारच बरोबर होते. 2020 च्या सप्टेंबरात असाच एक सकर वाराणसीजवळ गंगेत सापडला होता. कुणीतरी घरातली टाकी आवरताना दया म्हणून सोडलेला असणार. तो तिथला नव्हे, पण जगतो चिवट, आणि तिथल्या माशांची अंडी नि चारा खातो.

तर मासे न्यायचे ठरले. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे तयारी शास्त्रशुद्ध करायची असं मनाशी घेतलं. आदल्या दोन दिवशी दाणे बंद, म्हणजे वाटेत पाणी खराब होत नाही. जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या, एकीत दुसरी घालून, एक भाग पाणी आणि दोन भाग हवा, वर रबर. मासे श्वास घेतात तो पाण्यात विरघळलेल्या हवेवर, म्हणून पाणी जास्त भरण्यापेक्षा हवा जास्त ठेवायची. जेट्टीवरून मासळीचा थर्माकोलचा खोका आणला. ज्यात बर्फ घालून पापलेट मुंबईला जातं, तोच. तो धुतला, उन्हात वाळवला, त्यात पिशव्या उभ्या लावल्या. अंधारात मासे शांत राहतात आणि थर्माकोलमुळे पाणी तापत नाही. सारंगला पिशवी चालणार नव्हती. त्याच्या परांना काटे असतात, प्लॅस्टिक फाडतात. त्याच्यासाठी रंगाची जुनी, पण खूप धुतलेली बादली, झाकणाला भोकं पाडून. टाकीत पाणी ठेवून ती कधीच उचलायची नाही. दोन फूट बाय एक बाय एक म्हणजे छप्पन्न लिटर पाणी, छप्पन्न किलो वजन, काचेचे जोड सुटतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणून मी वीस-वीस लिटरचे तीन कॅन आणले आणि टाकीतलं जुनं पाणी जवळजवळ सगळं भरून घेतलं. माशांना तेच पाणी मिळालं पाहिजे ना! वहीत सगळं क्रमाने लिहिलं होतं. अब्बांनी वही चष्मा लावून वाचली आणि परत दिली.

जानेवारीत सामानाचा टेम्पो एक दिवस आधी गेला. त्यात फिल्टर, त्याचा स्पंज आणि टाकीच्या तळाची खडी एका गोणपाटात घालून पाठवली. मी टेम्पोबरोबरच होतो. मुरूडला पोचल्यावर गोणपाट उघडलं तर वास आला. स्पंज तपकिरी, बुळबुळीत, खडीवर चिखलाचा थर. बायकोने नाकाला पदर लावला. “नव्या घरात ही घाण?” मलाही ते पटलं. गच्चीवरच्या नळाखाली स्पंज पिळपिळून धुतला, पुन्हा पिळला, पांढरा होईस्तोवर. खडी चार पाण्यांनी खळखळवली. बिल्डिंगच्या टाकीत नुकतीच ब्लीचिंग पावडर टाकली होती, त्याचा उग्र वास येत होता. म्हटलं बरंच झालं, जंतू मरतील.

त्याच दिवशी आम्ही अब्बांच्या सामानातूनही बरंच गाळलं होतं. आरामखुर्ची दारातून आत येईना, म्हणून ती श्रीवर्धनलाच ठेवून दिलेली. जहाजावरची लोखंडी कॉट, मच्छरदाणीच्या काठ्या, पत्र्याची पेटी, सगळं भंगारात. नवा पलंग, नवी गादी, नवं कपाट. खोली अशी दिसत होती की जाहिरातीतली.

दुसऱ्या दिवशी अब्बा, मी, मासे. श्रीवर्धनहून दिघी, आणि दिघीहून आगरदांड्याला फेरीबोट, जिला आमच्याकडे सगळे जंगलजेट्टी म्हणतात. गाडीसकट माणूस खाडी ओलांडतो, नाहीतर सबंध खाडीला रस्त्याने मोठा वळसा. अब्बा गाडीतून उतरले नाहीत. मांडीवर थर्माकोलचा खोका, पायांमध्ये सारंगची बादली. मी म्हटलं, वर चला, हवा छान आहे. ते म्हणाले, “बोट हलते तेव्हा बादली कोण धरणार?” खाडीच्या तोंडाकडे जंजिरा दिसत होता. मी उगीच काही बोलायचं म्हणून म्हणालो, चहूबाजूंनी खारं पाणी आणि किल्ल्यात गोड्या पाण्याचे दोन तलाव, नवल आहे. अब्बा खोक्याकडे बघून म्हणाले, “त्यात काय नवल. हे काय आहे मग?”

मग बऱ्याच वेळाने विचारलं, “स्पंज कुठाय?”

“पुढे गेला कालच. स्वच्छ करून ठेवलाय.”

ते माझ्याकडे वळले, काहीतरी बोलणार होते, पण तेवढ्यात आगरदांडा आला आणि गाड्या सुरू झाल्या.

मुरूडला टाकी लावली. खाली सपाट थर्माकोल, कॅनमधलं जुनं पाणी, वर थोडं नळाचं, रात्रभर बादलीत ठेवलेलं. पिशव्या अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवल्या, मग थोडं थोडं टाकीतलं पाणी पिशव्यांत घालत गेलो, एकदम बदल नको म्हणून. सगळं पुस्तकाप्रमाणे. संध्याकाळी दिवा लावला तेव्हा पाणी असं नितळ होतं की मासे हवेत तरंगताहेत असं वाटावं. शेजारची मुलं बघायला आली. बायको म्हणाली, श्रीवर्धनला तर आतलं काही दिसतच नव्हतं. अब्बा जवळ गेले, फिल्टरचं झाकण काढून पांढरा स्पंज पाहिला, त्याचा वास घेतला आणि झाकण लावून टाकलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोली वर येऊन तोंड उघडमीट करत होते. हवा तर चालू होती. चौथ्या दिवशी दोन मेले. पाचव्या दिवशी उरलेले दोन मोली आणि तीन गप्पी. पाणी तसंच नितळ. सारंग काचेला चिकटलेला असायचा तो तळाशी पडून होता आणि त्याचे कल्ले भराभर हलत होते.

मी अब्बांना म्हटलं, “मी तर सगळं पाणी आणलं होतं.”

अब्बा म्हणाले, “पाणी आणलंस, मळ टाकलास. पाण्यात काय असतं? असतं ते मळात.”

ते त्यांनी रागाने म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. मी खोलीत येऊन बसलो आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. नववीला दरवर्षी मी फळ्यावर नायट्रोजन चक्र काढतो. अमोनिया, त्याचं नायट्राइट, त्याचं नायट्रेट. बाणांना खडूने रंग देतो. जमिनीतले जीवाणू हे काम करतात असं सांगतो. विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने 1890 च्या सुमारास ते वेगळे करून दाखवले, हेही एखाद्या वर्षी लहर लागली तर सांगतो. पण ते चक्र माझ्या घरात, एका बुळबुळीत स्पंजात फिरत होतं हे मला कधी दिसलं नाही. मासे कल्ल्यांवाटे आणि विष्ठेतून अमोनिया सोडतात. तो त्यांनाच विष. स्पंजावर, खडीवर, काचेवर चिकटून राहिलेले जीवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट, आणि ते तितकंसं बाधत नाही. हे जीवाणू पाण्यात फारसे नसतात, चिकटून राहतात. आणि फार सावकाश वाढतात. साधे जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात, यांना दुप्पट व्हायला जवळजवळ दिवस लागतो. नव्या टाकीत त्यांची वस्ती बसायला महिना-दीड महिना जातो. वीस-बावीस वर्षांची वस्ती मी नळाखाली अर्ध्या तासात धुऊन काढली होती, ब्लीचिंगच्या पाण्याने. अमोनियाला रंग नसतो. म्हणून पाणी नितळ.

अब्बांनी विज्ञान शिकलं नव्हतं. ते स्पंज काढायचे, टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात दोनदा हलकेच बुडवायचे आणि परत लावायचे, एवढंच मी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. म्हातारा आळशी झाला, असं मनात यायचं.

“आता?” मी विचारलं.

“रोज तीन तांब्यांतला एक तांब्या पाणी बदल. दाणे बंद. आणि हौदात जुना स्पंज पडलाय बघ, दगडाखाली. गप्पींबरोबर. मिळाला तर.”

घराचा ताबा आठ दिवसांनी द्यायचा होता. चावी अजून माझ्याकडे होती. दुसऱ्या दिवशी शाळेतून अर्धी रजा घेऊन मी मोटारसायकल काढली, आगरदांडा, खाडी, दिघी, श्रीवर्धन. बोटीवर एका विद्यार्थ्याचे वडील भेटले. कुठे निघालात सर? काय सांगणार, मळ आणायला?

घर रिकामं बघायची मला सवय नव्हती. अम्मी गेली तेव्हासुद्धा ते भरलेलं होतं, माणसांनी, आगरबत्तीच्या वासाने, फातिहाच्या ताटांनी. आता पत्र्यांवर पानं पडल्याचा आवाज येत होता. ओटीवर जिथे टाकी होती तिथे भिंतीवर एक आयताकृती ओला डाग होता आणि त्याच्यासमोर आरामखुर्ची, तोंड डागाकडे. म्हणजे शेवटच्या दिवशी टाकी उचलल्यावरही अब्बा तिथे बसले होते. मी तेव्हा दलालाशी बोलत होतो बहुतेक.

हौद अर्धा भरलेला होता. वर शेवाळ, आत गप्पी सळसळत होते. मी बाह्या सरसावून कोपरापर्यंत हात घातला आणि दगड बाजूला केला. स्पंज होता. कधीतरी अब्बांनी फिल्टरमधून काढून टाकलेला, काळपट, लिबलिबीत. त्याच्यासारखी घाणेरडी वस्तू मी आयुष्यात इतक्या जपून हाताळली नाही. हौदाचंच थोडं पाणी घेऊन पिशवीत घातला, हवा राहील अशी गाठ मारली. तळाचे मूठभर दगडही घेतले. हौदाच्या कडेला खिळ्याला एनॅमलचा मग टांगलेला होता, निळ्या काठाचा, जहाजावरचा. आमच्या वहीत तो नव्हता. तोही घेतला. खुर्चीपाशी मात्र पाच मिनिटं नुसता उभा राहिलो. मोटारसायकलवर खुर्ची येत नाही. पुढच्या आठवड्यात टेम्पो घेऊन येऊ असं म्हटलं, आणि पुढच्या आठवड्यात तपासणीसाठी अधिकारी येणार म्हणून शाळेतून निघता आलं नाही. नव्या मालकाने ती ठेवली की फेकली, मी विचारलं नाही.

परतताना सूर्य खाली गेला होता. सॅक पाठीला न लावता पोटाशी धरली होती. पिशवीचा ओलावा शर्टातून लागत होता.

अब्बा दारातच होते. त्यांनी पिशवी घेतली, मग पाहिला, काही म्हणाले नाहीत. फिल्टरमधला पांढरा स्पंज काढून काळा बसवला, दगड तळाशी सोडले. पाणी गढूळ झालं, अर्धा तास काही दिसेना. बायको उंबऱ्यात उभी होती. तीही काही बोलली नाही. मग ती आत जाऊन कोरा चहा घेऊन आली आणि अब्बांच्या हातात नव्या कपाऐवजी तो मग होता, त्यातच ओतू का म्हणून विचारलं. अब्बा म्हणाले, “नाय, हा माशांचा.”

वाचले ते सारंग आणि तीन गप्पी, दोन माद्या आणि एक नर. मेलेले मासे अब्बांनी बिल्डिंगच्या मागे जास्वंदीखाली पुरले होते. वॉचमनने हटकलं तेव्हा त्याला खत आहे म्हणून सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. महिनाभर रोज फजरनंतर मगाने पाणी काढायचं, रात्रभर ठेवलेलं घालायचं, हा क्रम चालला. हळूहळू काचेवर हिरवट झाक आली, खडी काळवंडली, आणि सारंग रात्री गस्तीला निघू लागला.

याच दरम्यान अब्बांचं मुरूडमध्ये कसं चाललं होतं, ते मी नीट पाहिलं नाही. मशीद जवळ होती, पण तिथे त्यांना कुणी नावाने हाक मारणारं नव्हतं. सगळे ‘सरांचे अब्बा’ म्हणत. जेवताना ते हळू खायचे. नव्या गादीवर झोप येत नाही म्हणून चटई टाकून खाली झोपायचे. बायको वाईट वाटून घ्यायची. एके दिवशी मी बाजारातून एक जुनी वेताची खुर्ची आणली. ती चांगली नव्हती, एक हात हलायचा. अब्बांनी तिला सुतळी बांधली आणि टाकीसमोर लावली.

फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी त्यांनी मला शाळेच्या घाईत हाक मारली. काचेच्या कोपऱ्यात, शेवाळात, डोळ्यांएवढी काहीतरी हलत होती. नीट पाहिलं तर डोळेच होते, मागे केसाएवढं शेपूट. गप्पी अंडी घालत नाहीत, पिलंच देतात, आणि मादी एकदाच्या मिलनावर कित्येक महिने पिलं देऊ शकते. तिचा दिवस कधी भरणार हे पाणी बदललं म्हणून थांबत नाही. अब्बांनी भिंग आणलं आणि जहाजी इंग्रजीत मोजलं, “वन, टू, थ्री…” चौदा भरली. दुसऱ्या दिवशी नऊ. आयाच पिलं खातात. अब्बांनी मधे काचेची पट्टी उभी करून पिलं वेगळी केली, आणि कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत लिहिलं: नऊ. आधीच्या चौकटींत दुधाचा हिशेब होता.

उन्हाळ्यापर्यंत गप्पी इतके झाले की वाटायला लागले. खालच्या मजल्यावरचा एक मुलगा, पाचवीतला, जॅमची बरणी घेऊन यायचा. त्याच्या वडिलांनी त्याला नवीन टाकी आणली होती, निळ्या खडीची, दिवे असलेली, आणि तिच्यात आठवड्याला एक मासा मरत होता. तो रडवेला होऊन सांगायचा, आजोबा, मी तर रोज पाणी बदलतो, सगळं धुतो.

अब्बांनी बरणीत टाकीतलंच पाणी घातलं आणि चार गप्पी सोडले. मग कात्री मागवली. फिल्टरमधला स्पंज काढून त्याचा बोटभर तुकडा कापला, तो मगात बुडवून ठेवला आणि मग त्याच्या हातात दिला.

“हा तुझ्या फिल्टरमध्ये घाल. वाटेत वाळू देऊ नको. आणि आईला सांग, धुवायचा नाय.”

मुलाने मग नाकाशी नेला. “आजोबा, घाण वास येतो.”

“येऊ दे,” अब्बा म्हणाले. “मग तेवढा परत आण.”